डोळखांब दीडपाखी

शहापूरच्या बाजारात खताच्या दुकानावर दिपेश धानके इंजिनियरचं ऑफिस आहे. तिथे खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर महादू शिद नकाशे काढायला बसायचा. बसायचा म्हणजे ठाण मांडायचा. चहा आला तरी मान वळवायचा नाही, हात तेवढा बाजूला करायचा. लोक म्हणत, काय माणूस आहे, कामातून डोळा काढत नाही. खरी गोष्ट अशी होती की महादूच्या डोळ्यांत काढण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं.

साखर डोळ्यांत उतरली होती. ठाण्याच्या डॉक्टरांनी लेसर मारून पाहिलं आणि सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, आहे ती जपा. आहे ती म्हणजे कडेकडेची. समोरच्या माणसाचा चेहरा पुसला जायचा आणि कान तेवढे राहायचे. अक्षर तर कुठलंच लागायचं नाही. हे फक्त त्याची बायको चंदा जाणत होती. ऑफिसात कोणाला पत्ता नव्हता, आणि तो लागू नये म्हणून महादू जीव मुठीत धरून दिवस काढत होता. पन्नाशी उलटलेला, डोळखांबच्या वरच्या पाड्यावरचा माणूस. आयटीआयला नकाशे काढायला शिकला, जन्मभर तेच केलं. ही खुर्ची गेली तर आपण कोण, याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं.

मग न दिसणारा माणूस नकाशे काढत कसा होता? लायब्ररीच्या जोरावर.

घराचा नकाशा काढताना दर वेळी दार नव्याने काढत नाहीत. एकदा नीट काढून त्याची वेगळी फाइल करतात आणि लागेल तिथे ती नकाशात जोडतात. दारं, खिडक्या, जिने, मोरी, ओटे, अशा फाइलींच्या साठ्याला ऑफिसात लायब्ररी म्हणत. नकाशात असतो तो फक्त दाराचा पत्ता. नकाशा उघडला की सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर जातं आणि दार घेऊन येतं. फायदा असा, की लायब्ररीतलं दार सुधारलं की सगळ्या नकाशांतलं आपोआप सुधारतं. तोटा काय, तो पुढे कळेलच.

ही लायब्ररी महादूने एकट्याने, डोळे धड होते तेव्हापासून उभी केली होती. गावोगाव टेप घेऊन फिरायचा, आवडलेली वस्तू मोजायचा आणि फाइलला त्या गावाचं नाव द्यायचा. उंबरमाळी जिना, कारण तसा उभा पण पाय न घसरणारा जिना त्याने तिथे डोंगराच्या अंगावरच्या घरात पाहिला. भातसानगर खिडकी, धरणाच्या कॉलनीतली, आडव्या गजांची. फाइलींची नावं त्याला पोटच्या पोरांसारखी पाठ. नाव टाइप करायचं, भिंतीपासूनचं अंतर आकड्यांत टाइप करायचं, एंटर मारायचा. दार आपल्या जागी जाऊन बसायचं. यात डोळ्यांचं काम कुठे आलं?

त्यातली एक फाइल त्याच्या काळजाच्या फार जवळची होती. डोळखांब दीडपाखी. म्हणजे दाराची एक पूर्ण पाख, फळी, आणि शेजारी अर्धी, अशी चौकट. एरवी एकच पाख उघडायची, गरज पडली तर दोन्ही. पाड्यावरून आजारी माणूस खाली आणायचा तर बांबूला घोंगडी बांधून झोळी करतात, पुढे एक, मागे एक गडी. महादूची आई गंगी अशीच झोळीतून दवाखान्यात आली होती, पोट धरून विव्हळत. व्हरांड्यातून खोलीत वळताना बांबू दारात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी तिला ओट्यावर उतरवलं आणि ती भिंतीला धरून आत चालत गेली. आई त्यातून वाचली, पण पुढे कित्येक वर्षं दवाखाना म्हटलं की ती त्या दाराला शिव्या घालायची. महादूने नकाशे काढायला लागल्यावर बांबू वळेल एवढं दार काढलं, आणि ज्या दवाखान्याचा नकाशा हाती येई तिथे ते बसवलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी त्याची ही मूठ दसऱ्यापर्यंत झाकलेली राहिली.

आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. सुतार करवत घासतो, शेतकरी विळाकोयता धुतो, ड्रायव्हर गाडी. पूजेला मांडायचं ते हत्यार लख्ख करून मांडायचं आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. धानक्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरना झेंडूचे हार घालायची पद्धत. आदल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, आपापलं हत्यार साफ करा रे. महादूने कीबोर्ड पुसला. साहेबांनी टेप आणि लेव्हलची बाटली पुसली. आणि कुणाली हरडने लायब्ररी साफ केली.

कुणाली मुरबाडची. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, हुशार, मनाची निर्मळ. नुकतीच लागली होती आणि महादूला काका म्हणायची. त्या लायब्ररीत तिला काय दिसलं असेल ते समजण्यासारखं आहे. एकाच दाराच्या चार फाइली, नावांना शेंडाबुडखा नाही, जिन्यांमध्ये खिडक्या आणि खिडक्यांमध्ये कोणाचा तरी देव्हारा. तिने पदर खोचला. जुन्या फाइली काढून टाकल्या, उरलेल्यांना क्रमाने नंबर दिले. दारांना डी-१, डी-२, खिडक्यांना डब्ल्यू. वेगवेगळी फोल्डर केली. कोणत्या जुन्या नावाचा नवा नंबर कोणता, याचा तक्ता छापून महादूच्या भिंतीवर चिकटवला. घरातली शहाणी मुलगी शेवटी केर भरते, तशी तिने सुरक्षेसाठी ठेवलेल्या जोडीच्या डिस्कवरही तेच सगळं उतरवलं. जुनं मागे काहीच राहिलं नाही. मग लायब्ररीसमोर उदबत्ती लावली. नीटनेटक्या माणसांपासून देव वाचवो.

सणाचा दिवस पूजेत गेला. दुसऱ्या दिवशी महादूने नेहमीप्रमाणे नाव टाइप केलं आणि कॉम्प्युटरने नकाराचा ठोका दिला. दुसरं नाव, पुन्हा ठोका. तिसरं. त्याला वाटलं बोट चुकतंय.

"काका, आता तसं नाय टाकायचं," कुणाली आनंदाने म्हणाली. "मी सगळं लाइनीत लावलं. तक्ता बघा ना, तुमच्या डोक्यावरच हाय."

महादूने मान वर केली. भिंतीवर एक पांढरा डाग होता. "छान केलंस गो," तो म्हणाला आणि कीबोर्डवरून हात काढून घेतले.

एवढ्यात साहेबांच्या खोलीतून हाक आली. त्यांनी उघडलेल्या नकाशात दारांच्या जागी नुसती भोकं होती. दुसरा नकाशा उघडला, तोही तसाच, घर उभं आणि खिडक्या गायब. पत्त्यावर गेलेल्या सॉफ्टवेअरला घरात कोणी सापडेना. कुणाली घाबरीघुबरी झाली. तिने फक्त नावं बदलली होती, नकाशांना हे कोणी कळवलं नव्हतं. साहेब चिडले, पण फार नाही. "एकेक नकाशा उघड आणि नवे पत्ते जोडून दे," ते म्हणाले.

महादूने धीर करून विचारलं, "साहेब, त्यापरीस जुनी नावंच परत ठेवली तर?"

"महादूभाऊ, आपल्या फाइली आता मुंबईच्या आर्किटेक्टकडं जातात. उंबरमाळी जिना म्हणजे काय ते त्यांना कळत नाय. पोरीनं केलंय ते बरं केलंय."

यावर काय बोलणार? बोलायचं तर कारण सांगावं लागतं.

पुढचे दिवस महादूने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. तो कुणालीला सहज विचारल्यासारखं विचारायचा, "डी-चार म्हणजे कंचं ठेवलंस गो?" ती वाचून सांगायची, तो मनात घोकायचा. पण किती वेळा विचारणार? चौथ्यांदा ती म्हणाली, "काका, तक्ता हाय की," आणि त्याने विचारणं सोडलं. फाइल निवडताना पडद्यावर तिचं छोटं चित्र दिसतं. डोळेवाल्याला तेवढं पुरतं. महादू पडद्याला नाक लावून कडेच्या नजरेने ते चित्र धरू पाहायचा आणि चित्र सरकून जायचं. घरी आला की जेवण ताटात तसंच. चंदाने विचारलं तर म्हणायचा, "माझ्या घरातल्या वस्तू कोनीतरी हलवल्यात."

त्यातच डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावर एका संस्थेचा दवाखाना बांधायला निघाला. नकाशा महादूचाच होता आणि त्याचीही दारं उडालेली. मेस्त्री पंढरी फोनवर फोन करत होता, पाया भरून झाला, चौकटी कुठे लावू.

"द्या काका, मी जोडते," कुणाली म्हणाली.

तिला दिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ती शेजारी बसली असती, तिने पडदा दाखवून काहीतरी विचारलं असतं, आणि महादूला उत्तर देता आलं नसतं. "माझा नकाशा मीच जोडतो," तो फटकन म्हणाला. ती पोर जरा दुखावली.

बहुतेक दारांचे नंबर त्याने घोकले होते. दीडपाखीचा तेवढा राहिला होता. आता विचारायचंही तोंड नव्हतं. त्याने डोकं चालवलं. पोर शिस्तीची आहे, दारं लहानापासून मोठ्यापर्यंत लावली असणार. सगळ्यांत रुंद आपलं दीडपाखी, म्हणजे ते सगळ्यांत शेवटी. शेवटचा नंबर डी-१९. त्याने बाळंतिणीच्या खोलीला डी-१९ जोडलं. हिशेब बरोबर होता, पण कुणालीने लावून झाल्यावर एक दार कोपऱ्यात उरलेलं सापडलं होतं आणि ते तिने शेवटी टाकलं होतं. ते संडासाचं होतं.

साहेबांनी नकाशा पाहिलाच नाही. "महादूभाऊंच्या हातचं हाय, बघायचं काय," म्हणत सही केली. नकाशा पाड्यावर गेला. पंढरी मेस्त्रीने नकाशाप्रमाणे चौकट उभी केली, भिंत चढवली, दारावर काँक्रीटचा लिंटल ओतला आणि मग पाड्यावरच्या म्हाताऱ्या भागीरथीने त्याला विचारलं, "ह्या भोकातून झोळी कशी जायाची रे?" तेव्हा मेस्त्रीचा फोन आला.

साहेब, कुणाली आणि महादू जीपने निघाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात पाऊल टाकताच महादू त्या खोलीकडे गेला आणि त्याने चौकटीत हात घातला. एका बाजूला तळवा टेकला, दुसऱ्या बाजूला खांदा. खांदा टेकायला नको होता. आईचा बांबू जिथे अडकला होता तेच दार त्याने स्वतःच्या हाताने, आईच्याच मुलखात, परत बांधून ठेवलं होतं.

मागे साहेबांचा आवाज चढला होता. "लायब्ररी कोनी साफ केली? पत्ते कोनी बदलले? आता लिंटल तोडायचा का? संस्थेला काय तोंड दाखवू मी?"

कुणालीला स्वतःलाच वाटत होतं की आपल्या साफसफाईत कुठेतरी पत्ता उलटा लागला.

"उद्यापासून येऊ नको तू."

महादू वळला. एवढे दिवस दाबून ठेवलेलं वाक्य सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं, पण ते एकदम बाहेर पडलं. "साहेब, चूक माझी हाय. दार मी जोडलं. मला दिसत नाय."

साहेबांचा सूर उतरला. "महादूभाऊ, पोरीसाठी कशाला अंगावर घेता?"

"खरंच नाय दिसत. शपथ घेतो."

"इतकी वर्सं नकाशे काय मी काढतो?" साहेबांनी खिशातला टेप काढून चौकटीवर ताणला. "बोला, किती हाय?"

महादूचा हात अजून चौकटीतच होता. तळवा ते खांदा. जन्मभर कोणी माप विचारलं की त्याचं तोंड आपोआप उत्तर द्यायचं, आणि आताही दिलं. "अडीच फूट."

टेपवर अडीच फूटच होतं. पंढरी मेस्त्री हसला. साहेबही हसले. "म्हणे दिसत नाय." महादू म्हणत राहिला की हाताने ओळखलं, हाताने, पण ते कोणी ऐकत नव्हतं. आपण केलेलं सोंग इतकं पक्कं बसलंय की आता ते सोलून काढता येत नाही, हे त्याला तिथे, त्या अरुंद दारात उभं राहून कळलं आणि त्याला रडू फुटायचं बाकी राहिलं. येताना जीपमध्ये तो कुणालीला म्हणाला, "मी खोटं नाय बोल्लो गो." ती म्हणाली, "काका, माझी कीव करू नका." शहापूरला ती उतरली आणि मागे न बघता गेली.

संध्याकाळी त्याने चंदाला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. मग म्हणाली, "सांगून झालं ना? त्यांनी नाय मानलं. मंग तुमचं पाप फिटलं. ती शिकलेली पोर हाय, तिला धा जागा मिळतील. तुमाला कोन उभं करील?"

चंदा चुकीचं काही बोलत नव्हती. महादूने ताट पुढे ओढलं आणि चार घास खाल्लेही. तिचं बोलणं त्याला पटलं होतं, हीच त्यातली भयंकर गोष्ट होती. खुर्ची शाबूत, नाव शाबूत, वर पोरीला वाचवायला गेलेला म्हणून चार लोकांत मान. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पाचव्या घासाला ते अन्न त्याला गिळवेना.

सकाळी तो साहेबांच्या आधी ऑफिसात पोचला. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्याने कॉम्प्युटर चालू केला आणि चाचपून पडद्याचं बटण बंद केलं. साहेब आल्याचा आवाज आला तशी त्याने हाक मारली. "साहेब, जरा माझ्या मागं येऊन उभं राहा."

"काय झालं? स्क्रीन गेली काय?"

"गेली नाय. मी बंद केली. असूं दे तशीच."

मग महादूने काम सुरू केलं. खोलीची लांबी, रुंदी, भिंतीची जाडी. बोटं भराभर चालत होती. खिडकीचा नंबर, कोपऱ्यापासून अंतर, एंटर. काळ्या पडद्यापुढे तो ताठ बसला होता आणि त्याच्या मागे साहेब उभे होते. शेवटी त्याने दार जोडलं आणि छापायचा हुकूम दिला. पलीकडे प्रिंटर घरघरला.

साहेबांनी कागद उचलला. "बाळंतिणीची खोली," ते म्हणाले. रेघ रेघेला मिळालेली होती. कुठे केसभर फरक नव्हता.

"दार कंचं हाय त्यावर?"

साहेबांनी पाहिलं. "संडासाचं."

"मी डी-एकोनीस टाकलं. त्या दिवशी पन तेच टाकलं व्हतं. मला वाटलं ते दीडपाखी. पोरीनं तक्ता लावलाय, पन तो मला वाचता येत नाय. काल दाराचं माप मी हातानं बोल्लो. मी असाच काम करतो, साहेब. दोन भातकापन्या झाल्या."

साहेबांनी हात पुढे करून पडदा चालू केला, परत बंद केला. मग महादूच्या चेहऱ्यासमोर येऊन वाकले. महादूला त्यांचे दोन कान दिसले. तेवढ्यावर त्याने अंदाजाने त्यांच्याकडे पाहिलं, पण नजर थोडी बाजूला गेली असावी, कारण साहेबांचा श्वास अडकल्याचं त्याला ऐकू आलं.

ते बाहेर गेले. दाराआडून फोनवरचं बोलणं येत होतं. "हां, कुणाली... नाय, आजच ये... नाय गो, तुझी नाय चूक." महादूने टेबलावरून हात फिरवला, कीबोर्ड सरळ केला, डबा पिशवीत घातला.

साहेब परत आले. "तुमी बसा महादूभाऊ. तुमचं काहीतरी बघू आपन."

बघू म्हणजे काय ते आपल्या तालुक्यात लहान पोरालाही कळतं. महादूने रागही मानला नाही. त्या माणसाच्या सहीने नकाशे जातात आणि त्या दारांतून माणसं न्यायची असतात. तो खुर्चीवरून उठला. खुर्ची आत सरकवली. दोन वर्षांत कोणाकडे मागितलं नव्हतं ते त्याने मागितलं.

"साहेब, मला खाली नेऊन डोळखांबच्या एस्टीत बसवून द्या. पाटी लागत नाय. रोजची संध्याकाळची गाडी आवाजानं वळखतो, ह्या येळची नाय."

साहेबांनी त्याचा दंड धरला. आंधळ्याचा धरतात तसा, जरा जास्तच घट्ट. महादूने तो धरू दिला.